इरकली लुगड्यावरची कसुती: जुने काम कसे ओळखावे आणि गवंती टाका कसा घालावा

पुण्यातील जुन्या घरांत जपून ठेवलेल्या इरकली लुगड्याच्या पदराजवळ रथ, पालखी, हत्ती किंवा तुळशीवृंदावन भरलेले असेल, तर ते बहुधा कसुतीचे काम असते. ही धारवाड-हुबळी भागातील कशिद्याची पद्धत आहे. धारवाड जिल्हा आणि इरकली लुगड्यांना ज्याचे नाव मिळाले ते इलकल गाव ज्यात होते तो विजापूर जिल्हा, हे दोन्ही १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत मुंबई राज्यातच होते, त्यामुळे तिकडची लुगडी आपल्याकडे असण्यात नवल नाही.

काम पारखताना प्रथम कापड उलटे करावे. कसुतीत चार टाके असतात. त्यांपैकी गवंती (दुहेरी धावदोऱ्याची रेघ) आणि मुर्गी (पायऱ्यांसारखी नागमोडी रेघ) दोन्ही बाजूंनी सारखे दिसतात, नेयगे हा विणकामासारखा दिसणारा धावदोरा आहे आणि मेंथे हा फुलीचा टाका असून त्याची मागची बाजू वेगळी दिसते. दोऱ्याला गाठ मारण्याची पद्धत नाही. मागे गाठींची रांग किंवा पुढच्यापेक्षा वेगळ्या जातीचा दोरा दिसला, तर ते काम पारंपरिक पद्धतीचे नाही असे समजावे.

नंतर भिंगाखाली टाक्याखालचे धागे मोजावेत. कसुतीसाठी कापडावर नक्षी आखत नाहीत, ताणा-बाणा मोजूनच सुई चालते. म्हणूनच रेघा आडव्या, उभ्या किंवा तिरप्या असतात आणि मोराची मानदेखील कोनांतूनच वळते. पदराजवळ आकृत्या मोठ्या असतात आणि तिथून दूर जावे तशा त्या लहान होतात. मात्र लाल पदरावरची पांढरी ‘टोपे तेणी’ नक्षी मुळातच विणलेली असते. तिला भरतकाम समजण्याची चूक जाणकारही करतात.

कसुतीचा उगम चालुक्यांच्या काळापर्यंत मागे नेण्याची प्रथा आहे. ते काहीही असो, केवळ नक्षी जुनी आहे म्हणून हातातले लुगडेही तितकेच जुने ठरवू नये, कारण गोपूर आणि रथ पिढ्यान्‌पिढ्या तसेच भरले गेले आहेत.

स्वतः गवंती टाका शिकण्यासाठी जुने लुगडे वापरू नये. तुळशीबागेतून मॅटीचे (मोजता येतील अशा चौकोनी घरांच्या विणीचे) कापड, बोथट टोकाची सुई आणि सहा पदरी सुती दोऱ्याची लडी आणावी, आणि त्यातले दोनच पदर सुईत ओवावेत. चौकटीच्या कागदावर लहान पायऱ्यांचे गोपूर काढून त्यावर सुईची वाट पेन्सिलीने आखावी. या कामातली खरी कसोटी हीच आहे, कारण आखलेल्या प्रत्येक रेघेवरून सुई दोनदा गेली पाहिजे आणि अखेरीस आरंभाच्या छिद्राशी परतली पाहिजे. मुख्य रेघेतून फाटा फुटत असेल, तर जाताना त्याच्या टोकापर्यंत जाऊन लगेच परत यावे आणि मग पुढे सरकावे. फाटा मागाहून भरायचे ठरवले, तर उलट बाजूला दोरा लांब ओढला जातो.

दोऱ्याचे बोटभर टोक मोकळे ठेवून एक घर वर, एक घर खाली असा धावदोरा घालत जावे. परतताना मोकळी घरे भरावीत, पण सुई दरवेळी आधीच्या टाक्याच्या एकाच बाजूने वर काढावी आणि दुसऱ्या बाजूने खाली घालावी. असे केल्यास रेघ सरळ बसते आणि दोरा फाटत नाही. मुर्गीतही हीच चाल आहे. फरक इतकाच की जाताना आडवे टाके वर येतात आणि उभे मागे जातात, तर परतताना याच्या उलट घडते.

शेवटी दोन्ही टोके मागच्या टाक्यांखाली तीन-चार वेळा ओवून कापावीत. पुढे रेशमी किंवा दाट विणीच्या कापडावर काम करायचे झाल्यास त्यावर सुट्या धाग्यांचा कॅनव्हास टाचून घ्यावा, त्याचे धागे मोजत भरावे आणि काम पूर्ण झाल्यावर ते एकेक करून ओढून काढावेत.