आजीची अंगठी नव्या बोटात घालण्याआधी

साखरपुड्याची जुनी अंगठी पुढच्या पिढीला देताना खरी भीती असते ती खडा निसटण्याची. वर्षानुवर्षांच्या वापराने खडा धरणाऱ्या नख्या झिजतात आणि नुसत्या डोळ्यांना ते कळत नाही.

१. लोकरीचा धागा नख्यांवरून हलकेच ओढा. जिथे तंतू अडकेल, ती नखी झिजलेली किंवा उचललेली आहे.
२. अंगठी कानाजवळ धरून टिचकी मारा. बारीकशी खुळखुळ ऐकू आली तर खडा सैल आहे. सोनाराकडून घट्ट करून घेईपर्यंत ती घालू नका.
३. आतल्या बाजूचे शिक्के, अक्षरं, तारीख यांचा जवळून फोटो काढा. माप बदलताना अंगठी बहुधा मागच्या बाजूने कापतात आणि तिथली अक्षरं कायमची जातात. मला तर कापणं शेवटचाच उपाय वाटतो. अंगठी थोडीच सैल असेल तर आतून दोन छोटे सोन्याचे मणी जोडून घ्या. ते पुढे काढताही येतात, म्हणजे नातीच्या मुलीलाही अंगठी अखंडच मिळेल.

खडा पाचू, ओपल किंवा मोती असेल तर अल्ट्रासोनिक यंत्रात धुवायला देऊ नका. मऊ ओल्या कापडाने पुसणं पुरेसं आहे.