न्हाव्याहून सुटलेली सप्लाय बोट नकाशावर कशी शोधायची

मुंबईजवळच्या न्हाव्याहून समुद्रातल्या तेलाच्या रिगना माल पोचवणारी सप्लाय बोट शोधताना नावावरून सुरुवात करू नका. मालक बदलला की नाव बदलतं, आणि एकाच नावाच्या तीन-चार बोटी सहज निघतात. आयएमओ क्रमांक, म्हणजे बोटीचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, धरा. तो सात आकडी असतो आणि बोट भंगारात निघेपर्यंत तोच राहतो. टाइप करताना चूक झाली का, ते कागदावर कळतं: पहिल्या सहा आकड्यांना ओळीने 7, 6, 5, 4, 3, 2 ने गुणा आणि बेरीज करा. 9074729 घेतला तर 63, 0, 35, 16, 21, 4, बेरीज 139. बेरजेतला शेवटचा 9 हाच क्रमांकाचा सातवा आकडा, म्हणजे जुळलं. एमएमएसआय, म्हणजे बोटीच्या रेडिओचा ओळख क्रमांक, नऊ आकडी, भारतीय ध्वजाच्या बोटीचा 419 ने सुरू होणारा. पण ध्वज बदलला की तोही बदलतो.

मरीनट्रॅफिक किंवा व्हेसलफाइंडर या जहाजं दाखवणाऱ्या वेबसाइटवर बोट सापडली की आधी ठिकाण नव्हे, वेळ बघा. ती यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) असेल तर साडेपाच तास मिळवा. चालत्या बोटीचा एआयएस (बोटीची ओळख आणि ठिकाण आपोआप पाठवणारं रेडिओ यंत्र) 2 ते 10 सेकंदांनी, नांगरलेलीचा 3 मिनिटांनी ठिकाण पाठवतो. तरीही शेवटची नोंद काल रात्रीची दिसते, आणि बोटीवरच्या माणसांच्या घरचे घाबरतात. कारण साधं आहे. एआयएस व्हीएचएफ रेडिओ लहरींवर चालतो, किनाऱ्यावरचा अँटेना साधारण 20 ते 40 सागरी मैलांपर्यंतच ऐकतो. बॉम्बे हाय हे समुद्रातलं तेलक्षेत्र मुंबईपासून सुमारे 160 किलोमीटर, म्हणजे 85 सागरी मैलांच्या पुढे. तिथलं ठिकाण उपग्रहावरून मिळतं, आणि ते बहुतेक वेळा पैसे भरूनच.

डेस्टिनेशन, ड्राफ्ट (बोट पाण्यात किती खोल बुडाली आहे ते) आणि स्टेटस ब्रिजवर, म्हणजे बोट चालवतात त्या खोलीत, हाताने भरतात, त्यामुळे '9 नॉट, नांगरलेली' असली गंमत रोजची. वेगावर (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) विश्वास ठेवा. रिगजवळ डीपीवर (नांगर न टाकता संगणक आणि प्रोपेलरच्या जोरावर एका जागी) उभ्या बोटीचा वेग जेमतेम 0.1 नॉट असतो, तेव्हा कोर्सचा, म्हणजे बोट सरकते त्या दिशेचा, आकडा गरगरत राहतो; तोंड कुठे आहे ते हेडिंग सांगतं.

स्पेसिफिकेशनसाठी एआयएस अपुरा. लांबी-रुंदी मिळते, तीही अँटेनापासून चारही बाजूंची अंतरं भरलेली असतात म्हणून. ती चुकली की बोट नकाशावर भलतीच लांब दिसते. बाकीचं मालकाच्या स्पेक शीटवर आणि क्लासच्या, म्हणजे आयआरएससारख्या जहाजं तपासून प्रमाणित करणाऱ्या संस्थेच्या, नोंदीत बघा. डीपी 2 म्हणजे एखादं यंत्र बंद पडलं तरी बोट जागा सोडत नाही. फायफाय 1 हा आग विझवण्याचा दर्जा, म्हणजे ताशी 2400 घनमीटर पाणी, दोन मॉनिटरमधून (पाण्याच्या तोफांमधून).

सगळ्यात जास्त फसगत डेकवर होते. 500 चौरस मीटर डेक, ताकद चौरस मीटरला 5 टन, म्हणून 2500 टन माल चढेल असं नाही. 5 टन ही एका जागेवरच्या पत्र्याची ताकद; एकूण वजन बोटीचा तोल ठरवतो, आणि तो आकडा शीटवर 'डेक कार्गो' म्हणून वेगळा असतो, बराच कमी. तोही किती ड्राफ्टला आणि खाली टाक्यांत किती मड (विहीर खोदताना लागणारा चिखलासारखा द्रव), किती इंधन असताना, ते विचारून घ्या. अँकर हँडलर (रिगचे नांगर हलवणारी, रिग ओढणारी बोट) असेल तर बोलार्ड पुलच्या, म्हणजे ओढण्याच्या ताकदीच्या, सर्टिफिकेटवरची तारीख बघा. इंजिन जुनं झालं की ओढ घटते, शीटवरचा आकडा मात्र नव्या बोटीचाच राहतो.