मोठ्या संख्येचे गुणधर्म तपासताना या चुका टाळा

१२३४५६७८९८७६५४३२१ ही सतरा अंकी संख्या १११११११११ चा वर्ग आहे आणि मोठ्या संख्या हाताळताना होणाऱ्या बहुतेक चुका या एकाच संख्येवर दाखवता येतात.

पहिली चूक गणित सुरू होण्याआधीच होते. एक्सेलमध्ये ही संख्या टाकली, तर पहिले १५ अंकच टिकतात आणि शेवटच्या २१ च्या जागी ०० येतात, त्यामुळे तिला ४ आणि २५ ने भाग जातो असे दिसू लागते. जावास्क्रिप्टमध्ये शेवटचा अंक ० होऊन विषम संख्या सम बनते, कारण ९००७१९९२५४७४०९९२ च्या पुढे तेथील साध्या संख्या-प्रकारात प्रत्येक पूर्णांक अचूक मावत नाही. तेथे बिगइंट हा मोठे पूर्णांक अचूक ठेवणारा संख्या-प्रकार वापरावा. पायथॉन पूर्णांक अचूक ठेवते, परंतु वर्गमूळ दशांशात काढले की तेथेही फसगत होते. आपल्या संख्येतून १ वजा करून उरलेल्या १२३४५६७८९८७६५४३२० चे असे वर्गमूळ काढले, तर उत्तर नेमके १११११११११.० येते आणि पूर्ण वर्ग नसलेली संख्या पूर्ण वर्ग ठरते. म्हणून पूर्णांकी वर्गमूळ काढून त्याचा पुन्हा वर्ग करावा आणि तो दिलेल्या संख्येशी ताडून पाहावा.

दुसरी चूक विभाज्यतेच्या कसोटीची आहे. या संख्येच्या अंकांची बेरीज ८१ आहे आणि तिला ८१ ने भागही जातो. म्हणजे देवळालीचे गणितज्ञ द. रा. कापरेकर यांच्या व्याख्येनुसार ती हर्षद संख्या आहे. मात्र बेरजेला भाग जातो म्हणून संख्येलाही जातो, हा नियम ३ आणि ९ पुरताच खरा आहे. १८९९ च्या अंकांची बेरीज २७ असूनही तिला २७ ने भाग जात नाही. ८१ साठी प्रत्यक्ष भागाकारच करावा.

अवयव पाडताना सतरा अंकी संख्येशी झुंजण्याचे कारण नाही. वर्गमूळाचेच अवयव पाडावेत: १११११११११ = ३² × ३७ × ३३३६६७. यातील ३३३६६७ ही मूळ संख्या आहे, पण ती तशी 'दिसते' म्हणून सोडून देऊ नये; ५७७ पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पाहिल्यावरच तसे म्हणता येते. वर्ग केल्यावर घातांक दुप्पट होऊन ४, २, २ होतात आणि विभाजकांची संख्या ५ × ३ × ३ = ४५ येते. घातांकांमध्ये १ मिळवायचे विसरले तर १६ हे उत्तर येते. ते सम आहे एवढ्यावरूनच चूक पकडता यावी, कारण पूर्ण वर्गाच्या विभाजकांची संख्या नेहमी विषम असते.

ऑयलरच्या फाय फलातही, म्हणजे एखाद्या संख्येपर्यंतच्या किती संख्यांचा तिच्याशी १ खेरीज सामाईक विभाजक नाही हे मोजतानाही, घातांकच घोटाळा करतात. ८१ म्हणजे ३⁴ साठी २ × २ × २ × २ = १६ असे लिहिणारे बरेच आढळतात; खरे उत्तर २७ × २ = ५४ आहे.

शेवटी, ११² = १२१, १११² = १२३२१ असा नऊ एक्क्यांपर्यंत दिसणारा हा सुबक क्रम पुढेही तसाच चालेल असे गृहीत धरू नये. दहा एक्क्यांच्या संख्येचा वर्ग करताना मधल्या स्थानी बेरीज १० होते, हातचा पुढे जातो आणि उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१ असे येते.