संघाचा हंगाम कसा जोखावा: सिएटल मरिनर्स या अमेरिकी बेसबॉल संघाचा धडा

विजयांच्या आकड्यावर भाळू नका. आधी केलेल्या धावांचा वर्ग घ्या, त्याला केलेल्या आणि दिलेल्या धावांच्या वर्गांच्या बेरजेने भागा आणि हंगामातल्या सामन्यांच्या संख्येने, म्हणजे 162ने गुणा. 2021मध्ये मरिनर्सने 697 धावा केल्या, 748 दिल्या. हिशेबाने 75 विजय येतात. प्रत्यक्षात आले 90! फरक पाचच्या वर गेला की एका धावेने सुटलेले सामने तपासा. इथे त्यात 33 विजय, 19 पराभव होते. असं नशीब दरवर्षी साथ देईलच असं नाही, म्हणून पुढच्या हंगामासाठी खेळाडूंची खरेदी 90 नव्हे, 75 विजयांचा संघ समजून करायची.

मग नव्या खेळाडूंकडे वळा. फलंदाजीची सरासरी, म्हणजे दर प्रयत्नामागे यशस्वी फटक्यांचं प्रमाण, एकटी फसवते. सिनसिनाटीच्या संघातून जेसी विंकर या फलंदाजासोबत आलेल्या युजेनियो सुआरेझची 2021ची सरासरी .198 होती, पण होमरन (क्रिकेटमधल्या षटकारासारखे फटके) 31. अनेकांनी त्याला विंकरसोबत गळ्यात पडलेलं ओझं मानलं. 2022मध्ये त्याने पुन्हा 31 ठोकले, विंकर मात्र .219 सरासरीवर अडकला.

त्या वर्षीही विजय 90च, पण धावा 690 विरुद्ध 623. हे 90 कमावलेले.