शिल्पात चालू मायनर बसवताय? मग या चुका टाळा

आपण आधी शिल्प पूर्ण करतो आणि मग मायनर, म्हणजे बिटकॉइनसारखे क्रिप्टो कॉइन मिळवण्यासाठी सतत गणितं करणारं यंत्र, कुठे मावेल ते बघतो, सगळा घोळ इथेच होतो. मीही हेच केलं. फायबरचा मुखवटा, आत बिटॅक्स गॅमा हा छोटा बिटकॉइन मायनर, पाठ पॅक, दिसायला एकदम क्लीन आणि अर्ध्या तासात हॅशरेट (गणितं करायचा वेग) शून्य. बोर्ड जेमतेम १८-२० वॅट खातो पण त्या सगळ्याची शेवटी उष्णताच होते ना, ती जाणार कुठे? गार हवा खालून आत, गरम हवा वरून बाहेर, आणि दोन्ही भोकं लांब लांब, नाहीतर फॅन तीच गरम हवा परत ओढत बसतो. नाकपुड्या, तोंड, केसांतल्या फटी, जागा भरपूर असते, फक्त साचा करतानाच ठरवा.

पाठ उघडली तर हीटसिंकच्या (चिपची उष्णता ओढणाऱ्या धातूच्या तुकड्याच्या) पात्यांमध्ये पांढरी भुकटी अडकलेली, मीच पॉलिश पेपर मारून उडवलेली! घासकाम संपवा, आतून ओल्या फडक्याने पुसा, मायनर सगळ्यात शेवटी. आणि थ्रीडी प्रिंटचं पीएलए प्लास्टिकचं ब्रॅकेट नकोच, ते ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं, माझं वाकलंच होतं. अ‍ॅल्युमिनियमची पट्टी वापरा.

अ‍ॅडॅप्टरचं लेबल वाचा. आपल्याकडे एलईडी पट्टीचे १२ व्होल्टवाले पडलेले असतात, पिनही बसते, पण गॅमाला ५ व्होल्ट लागतात, चुकून लावला तर बोर्ड गेलाच समजा.

स्वस्तात मिळतो म्हणून जुना अँटमायनर एस९ हा मोठा बिटकॉइन मायनर घेणार असाल तर थांबा. साधारण १३५० वॅट, म्हणजे दिवसाला ३२ युनिटच्या वर, आवाज इतका की शिल्पासमोर कोणी दोन मिनिटं उभं राहणार नाही. घ्यायचाच असेल तर १६ अँपिअरचा सॉकेट, एक्स्टेन्शन बोर्ड अजिबात नको, आणि धातूचं शिल्प असेल तर अर्थिंग आधी, बाकी सगळं नंतर.

कॉइनचाही विचार करा, ग्राफिक्स कार्डवर इथेरियम मायनिंग सप्टेंबर २०२२ मध्येच संपलं, जुने व्हिडिओ बघून खरेदीला जाऊ नका. मुळात मायनिंग कशासाठी हे आधी ठरवा. कलाकार ज्युलियन ऑलिव्हरच्या २०१७ च्या ‘हार्वेस्ट’ या कलाकृतीत पवनचक्कीच्या विजेवर झीकॅश या कॉइनचं मायनिंग होतं आणि कमाई हवामान संशोधनासाठी, तिथे मायनर हाच शिल्पाचा अर्थ आहे, मला ते काम फार आवडतं.

गॅलरीत वायफायचं लॉगिन पेज असेल तर मायनर तिथे अडकतो, त्याला ब्राउझरच नाही, शिवाय गॅमा फक्त २.४ गिगाहर्ट्झ पकडतो आणि लोखंडाच्या आत सिग्नल मरतो. स्वतःचा छोटा राउटर न्या. लाइट लुकलुकतोय म्हणून मायनिंग चालू आहे असं धरू नका, बघणाऱ्याला आपण ‘चालू आहे’ सांगतो तेव्हा ते खरं असायलाच हवं. रोज सकाळी गॅलरी उघडली की पूलच्या (अनेक मायनर एकत्र जोडणाऱ्या सेवेच्या) पेजवर शेवटचा शेअर, म्हणजे आपल्या मायनरने पाठवलेलं उत्तर, किती मिनिटांपूर्वी गेला ते बघा.