गावच्या दारापासून परदेशातल्या दारापर्यंत: विमानप्रवासात अंगावर काय असावे

परभणी, लातूर, नांदेडकडून कॅनडात शिकायला येणाऱ्या मुलामुलींचे, आणि पुढे त्यांच्याकडे राहायला येणाऱ्या आई-वडिलांचे फोन इथे राहणाऱ्या आम्हा मंडळींकडे वर्षभर येत असतात. बॅगेत काय भरावे याची यादी प्रत्येकाजवळ तयार असते. अंगावर काय घालावे हा प्रश्न मात्र निघण्याच्या आदल्या रात्री पडतो, आणि मग नवी कोरी जीन्स व त्याच संध्याकाळी आणलेले बूट चढवून माणूस घराबाहेर पडतो. अठरा वर्षांपूर्वी मीही परभणीहून असाच निघालो होतो आणि टोरांटोला उतरलो तेव्हा दोन्ही टाचा सोललेल्या होत्या.

आपल्या भागातल्या माणसाचा प्रवास विमानतळावर नव्हे, घराच्या उंबरठ्यावर सुरू होतो, हे आधी ध्यानात घ्यावे. देवगिरी एक्सप्रेसने रात्रभर मुंबई गाठायची किंवा लातूर-नांदेडकडून गाडी करून हैदराबादचे शमशाबाद विमानतळ गाठायचे, तिथे कित्येक तास थांबायचे, मग वाटेत एकदा विमान बदलत कॅनडात यायचे, यात दीड दिवस सहज जातो. मे महिन्यात निघालात तर घर सोडताना बाहेर ४२ अंश असतात, विमानात रात्री गारवा जाणवतो, आणि जानेवारीत टोरांटोला उतरलात तर बाहेर उणे १० किंवा त्याहूनही कमी तापमान असू शकते. एकच जोड या सगळ्याला पुरणार नाही. घरून निघताना औक्षण होते, कुंकू-अक्षता अंगावर पडतात, हार घातले जातात. तेव्हा त्या वेळचे कपडे वेगळे ठेवावेत आणि मुंबईत नातेवाइकांकडे किंवा विमानतळावरच्या स्वच्छतागृहात ते बदलून प्रवासाचे कपडे घालावेत.

प्रवासाचे कपडे सैल, सुती आणि आधी चार वेळा धुतलेले असावेत. विमान कितीही उंच गेले तरी आतील हवेचा दाब साधारण १,८०० ते २,४०० मीटर उंचीवर असतो तेवढा ठेवलेला असतो. आपले कळसूबाईचे शिखर १,६४६ मीटर उंच आहे, म्हणजे तुम्ही रात्रभर कळसूबाईहूनही उंच जागी बसलेले असता. दाब कमी झाला की पोटातला वायू प्रसरण पावतो आणि घट्ट पट्ट्याची किंवा आवळून बांधलेल्या नाडीची पँट काचू लागते. तासन्‌तास पाय खाली सोडून बसल्याने पावले सुजतात, म्हणून बूट किंचित सैल आणि पायात रुळलेले असावेत. बोटातली अंगठी घट्ट होत असेल तर ती घरीच काढावी. हवाही फार कोरडी असते, आर्द्रता बहुधा २० टक्क्यांच्या आतच असते. मॉइश्चरायझर जवळ ठेवायचे असेल तर १०० मिलीच्या आतली बाटली हवी. ज्यांना पूर्वी पायाच्या शिरेत रक्ताची गाठ झाली आहे, नुकतीच शस्त्रक्रिया झाली आहे किंवा ज्या गरोदर आहेत, त्यांनी दाब देणारे गुडघ्यापर्यंतचे मोजे घालावेत का, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. बाकीच्यांनी साधे सुती मोजे घालून अधूनमधून उठून चालावे.

कृत्रिम धाग्याचे चकचकीत कपडे टाळावेत, असे मी आवर्जून सांगतो. आग लागली तर नायलॉनसारखे कापड वितळून कातडीला चिकटते, सूत आणि लोकर तसे वितळत नाहीत. उंच टाचेच्या चपला तर घालूच नयेत, कारण आणीबाणीत घसरपट्टीवरून उतरताना त्या काढाव्या लागतात. २ जानेवारी २०२४ रोजी टोकियोच्या हानेदा विमानतळावर जपान एअरलाइन्सच्या विमानाला आग लागली तेव्हा त्यातले सर्व ३७९ जण बाहेर पडले, आणि ते सामान आतच सोडून निघाले होते. म्हणून पासपोर्ट, परवान्याची पत्रे आणि थोडे पैसे बॅगेत न ठेवता अंगावरच असावेत. आपल्याकडच्या जुन्या माणसांच्या बंडीला चोरखिसा असायचा, तसाच एक बटणाचा खिसा गावच्या शिंप्याकडून शर्टाच्या आत शिवून घ्यावा. बाजारातल्या कोणत्याही प्रवासी पाकिटापेक्षा मला तो बरा वाटतो.

आई-वडिलांबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण घरात खरा वाद तिथेच होतो. मुलगा परदेशात आहे म्हणून जन्मभर इरकलचे लुगडे नेसलेल्या माउलीला ऐन साठीत पंजाबी ड्रेस घालायला लावतात, आणि ती बिचारी सगळा प्रवास ओढणी सावरण्यात घालवते. लुगडे नेसून विमानात बसायला कोणाचीही हरकत नसते. अडचण येते ती दोनच ठिकाणी. विमानातले स्वच्छतागृह इतके अरुंद असते की काष्टा सोडून पुन्हा घालणे जवळजवळ अशक्य होते. त्यामुळे नऊवारी नेसणाऱ्यांनी प्रवासापुरते सुती सहावारी नेसावे आणि ते चार बोटे वर नेसावे, म्हणजे सरकत्या जिन्यात काठ अडकत नाही. दुसरी अडचण सुरक्षा तपासणीची. पदराच्या पिना, जोडवी, चांदीचे कडे, वडिलांच्या कमरेचा चांदीचा करदोडा, यातल्या कशानेही यंत्र वाजू शकते. यंत्र वाजले म्हणजे गुन्हा झाला असे नव्हे, हे त्यांना आधी सांगून ठेवावे. आपल्याकडे बायकांची तपासणी पडद्याआड महिला कर्मचारीच करते. मंगळसूत्र सहसा काढावे लागत नाही. पिना कमीत कमी लावाव्यात आणि जड दागिने घरी ठेवावेत. धोतर नेसणाऱ्या वडिलांनी प्रवासापुरता पायजमा घालून वर लांब सदरा घातला तर निभते, पण धोतराचाच आग्रह असेल तर तो मोडू नये. दोघांनाही एकेक शाल हवीच. हिमरू शाल घरात असेल तर ती न्यायला हरकत नाही, मात्र पैठणी बॅगेतच असू द्या.

आता थंडीचे कपडे. जाडजूड कोट गावाकडे विकत घेऊ नका. इथल्या थंडीला पुरेल असा कोट इथल्या दुकानात मिळतो, आणि सवलतीच्या दिवसांत रास्त भावातही मिळतो. येताना फक्त विमानतळाच्या दारापासून मोटारीपर्यंतची दहा मिनिटे निभावायची असतात. त्यासाठी लोकरी स्वेटर, वारा न शिरणारे साधे जाकीट, कानटोपी, हातमोजे आणि जाड मोजे पुरतात. थर्मल, म्हणजे आतून अंगालगत घालायचे उबदार कपडे, मुंबईतच अंगात घातलेत तर रांगेतच घामाने भिजाल, आणि ओले कापड अंगावर ठेवून थंडीत उतरणे हे मुळीच घातलेले नसण्याहून वाईट. ते हातातल्या बॅगेत ठेवून उतरण्याच्या तासभर आधी विमानात घालावेत. केबिन बॅगेची मर्यादा अनेक कंपन्यांत ७ किलो असते आणि अंगातल्या कपड्यांचे वजन कोणी करत नाही, म्हणून काही मुले दोन पँटी व तीन स्वेटर एकावर एक चढवून येतात. सुरक्षा तपासणीत ते सगळे ट्रेमध्ये उतरवताना मागची रांग काय म्हणते, ते मी इथे लिहीत नाही.

हातातल्या बॅगेत कपड्यांचा एक पूर्ण जोड, आतल्या कपड्यांसह, ठेवाच. माझी मोठी बॅग पहिल्या वेळी दोन दिवसांनी आली आणि विमानातल्याच कपड्यांवर मी खोलीमालकांसमोर उभा राहिलो.

हिवाळ्यात येणार असाल आणि न्यायला आमच्यापैकी कोणी येणार असेल, तर छाती व उंचीचे माप आठवडाभर आधी कळवावे. इथल्या घरोघरी एखादे जादा जाकीट असते, ते आम्ही घेऊन येतो. वडीलधाऱ्यांना बुटाचा आकडा ठाऊक नसतो, तेव्हा कागदावर पाऊल ठेवून भोवती पेन्सिलीने रेघ ओढावी, टाचेपासून अंगठ्यापर्यंतची लांबी सेंटिमीटरमध्ये लिहावी आणि त्याचा फोटो पाठवावा.