ऑनलाइन लिलावात विकताय? आधी दुसरा गिऱ्हाईक शोधा

मी जुने फिल्म कॅमेरे आणि लेन्स ऑनलाइन लिलावात विकतो. नवीन कोणी सल्ला मागितला की मी आधी एवढंच विचारतो, तुझी वस्तू हवी असणारी दोन माणसं आहेत का? एक नाही, दोन. कारण ईबेसारख्या साइटवर बोली लावणारा आपली जास्तीत जास्त रक्कम आधीच टाकून ठेवतो आणि सिस्टिम त्याच्या वतीने लागेल तेवढीच बोली वाढवत नेते, म्हणजे एकाने ५००० टाकलेत आणि दुसऱ्याने १२००, तर वस्तू १२०० च्या जरा वर जाऊन थांबते आणि पहिल्याची ५००० द्यायची तयारी होती हे तुम्हाला कळतही नाही. भाव दुसरा माणूस ठरवतो. हे नीट डोक्यात शिरेपर्यंत माझा बराच चांगला माल कवडीमोलाने गेला.

सगळ्यात जास्त फटका बसतो सुरुवातीच्या बोलीत. "कमीपासून सुरू करा, गर्दी होते" असं सगळेच सांगतात, आणि नेहमी खपणाऱ्या मॉडेलला ते खरंच लागू पडतं, तिथे शोधणारे भरपूर असतात. पण दुर्मिळ वस्तूचं उलट असतं. माझ्याकडे एक जुना, सहसा न मिळणारा व्ह्यूफाइंडर (कॅमेऱ्यातून डोळा लावून बघायचा भाग) होता, अगदी कमी बोलीपासून लावला, त्या आठवड्यात ज्याला तो हवा होता असा एकच माणूस आला आणि सुरुवातीच्याच बोलीला घेऊन गेला. त्याची काहीच चूक नाही. अशी वस्तू एकतर फिक्स किमतीला लावा नाहीतर सुरुवात अशा आकड्यापासून करा की तेवढ्याला गेली तरी झोप उडणार नाही. राखीव किंमत, म्हणजे ज्याच्या खाली वस्तू विकायची नाही असा छुपा आकडा, ठेवता येते, पण ती ठेवलीय असं दिसलं की बरेच जण बोलीच लावत नाहीत, मला ती फारशी पटत नाही.

भाव बघताना लोक चालू लिस्टिंग बघतात. ते मागितलेले भाव झाले! फिल्टर लावून विकल्या गेलेल्या वस्तूंचे भाव बघा, आणि त्यातला एखादा सगळ्यात मोठा आकडा मनात धरून माल उचलू नका, त्या दिवशी दोन हट्टी माणसं समोरासमोर आली असतील, उद्या येतीलच असं नाही.

टायटलचंही तेच. ईबेवर ८० अक्षरं मिळतात, ती "सुंदर", "अप्रतिम" मध्ये घालवायची नाहीत, कंपनी, मॉडेल नंबर, लेन्सचा माउंट (ती कॅमेऱ्याला जोडायची पद्धत) हे लिहायचं कारण लोक तेच शोधतात. मॉडेल नंबरचा एक आकडा चुकला की शोधणाऱ्याला तुमची वस्तू दिसतच नाही, आणि न दिसलेला तो बहुतेक तुमचा दुसरा बोलीवाला असतो.

आता हिशोब. शेवटची बोली म्हणजे तुमचे पैसे नाहीत. ईबेचं कमिशन नुसत्या बोलीवर नसतं, शिपिंगचे घेतलेले पैसेही त्यात धरतात. आणि कुरियर! बऱ्याच कुरियर कंपन्या लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये गुणून ५००० ने भागतात आणि ते वजन खऱ्या वजनापेक्षा जास्त आलं तर त्याचे पैसे लावतात. ४० बाय ३० बाय ३० चा खोका म्हणजे ७.२ किलो, आत कॅमेरा दोनच किलोचा असला तरी. म्हणून लिस्टिंग टाकायच्या आधीच पॅक करून मोजा, नंतर नाही, मी सुरुवातीला अंदाजाने शिपिंग लिहायचो आणि नफा सगळा खोक्यात जायचा.

दोष लपवू नका हे तर आहेच, पण आधी दोष शोधा. मी एक लेन्स टॉर्च न मारताच "स्वच्छ" लिहून विकली, आत बुरशीचे धागे होते, ती परत आली, जातायेताचा दोन्हीकडचा खर्च माझा आणि वर खराब फीडबॅक. आणि "तपासलेला नाही" असं लिहिलंत की जाणकार माणूस कॅमेरा बंद आहे असंच धरतो आणि तेवढीच बोली लावतो. दोषाचा जवळून फोटो टाकलात की त्याला भाव ठरवता येतो आणि तो बिनधास्त बोली लावतो.

दुसरा माणूस येत नाही म्हणून मित्राला बोली लावायला सांगणं हे मात्र करू नका, ही चक्क फसवणूक आहे, सगळ्या मोठ्या साइटवर बंदी आहे आणि अकाउंट जाऊ शकतं. वर्षांचं फीडबॅक एका फटक्यात गेलं की पुन्हा शून्यापासून.

कधीकधी जिंकलेला माणूस पैसेच देत नाही. माझ्याकडे एकदा असं झालं, मी चिडून वस्तू लगेच पुन्हा लिलावाला लावली. ईबेवर अशा वेळी दोन नंबरच्या माणसाला त्याच्याच बोलीच्या किमतीत ऑफर पाठवता येते हे मला माहीतच नव्हतं. दुसऱ्या लिलावात भाव बराच खाली आला. आता पैसे आले नाहीत की ठरलेली मुदत संपू देतो, साइटवर ऑर्डर रद्द करतो आणि त्याच दिवशी दोन नंबरवाल्याला ऑफर टाकतो, तोवर त्याने दुसरीकडून घेतली नसेल तर बऱ्याचदा तो हो म्हणतो.